पगारी बापाचा रुसवा

आमच्या कंपनीतला पहिला बाप मी! म्हणजे बाप आधीही पुष्कळ झाले, आमच्या डिस्पॅचमधल्या गुरुदत्तला तर तीन मुली आहेत. पण पगारी बाप पहिला मीच. तळोज्याच्या आमच्या कंपनीने यंदा नवा नियम काढला. बायकोचं बाळंतपण झालं की नवऱ्याला महिनाभर भरपगारी रजा. हेतू असा, की बापाने घरी राहावं, बाळ सांभाळावं, बाळंतिणीला विश्रांती मिळावी आणि अख्ख्या कुटुंबाची तब्येत सुधारावी.

"तू घरी राहणार आणि कुटुंबाची तब्येत सुधारणार?" गुरुदत्तने विचारलं. "प्रणित, तू घरी असलास की तुझी आई डोक्याला बाम लावते."

अशा लोकांकडे मी लक्ष देत नाही. माझी तयारी पक्की होती. व्हिडिओ बघून झाले होते. लंगोट बांधायचा सराव मी कलिंगडावर केला होता. आई म्हणाली, "अरे, कलिंगड हलत नाही, बाळ हलतं." मी म्हटलं, तत्त्व एकच! एवढा सुरेख लंगोट बांधला, की पुढे ते कलिंगड कापायला कुणाचा हात होईना.

कंपनीच्या नियमात एकच गोष्ट धरलेली नव्हती. ती म्हणजे नेरे.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्या आगऱ्यांचा नियम. माझी बायको मनस्वी नेऱ्याची. तेव्हा घरी राहायचं म्हणजे आमच्या रोडपालीच्या फ्लॅटवर राहून काय उपयोग? तिथे बाळंतीणही नाही आणि बाळही नाही. जायचं ते सासुरवाडीला.

आणि जाणं गरजेचंच होतं. पनवेलच्या दवाखान्यात मुलगी झाली, गोड झाली, सगळं छान झालं. पण मनस्वीचं प्रेशर चढलं ते उतरेना. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि घरी सोडताना बजावलं, "हिला झोप पाहिजे. नीट, सलग झोप. पंधरा दिवसांनी दाखवायला आणा. तेव्हाही प्रेशर असंच असलं, तर दाखल करून घ्यावं लागेल."

"आणि बाळ?" मनस्वीने विचारलं.

"बाळाला इथल्या वॉर्डात नाही ठेवता येणार."

मनस्वीने माझं मनगट धरलं, ते इतकं घट्ट की घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला. आजवर ही बाई कशाला घाबरलेली मी पाहिली नव्हती. पाल हाताने उचलून टाकते!

"मनू, मी आहे ना!" मी छाती काढून म्हटलं. "महिनाभर मला दुसरं काम नाही. तू फक्त झोपायचं!"

* * *

दोन बॅगा, बाळाचा प्लास्टिकचा टब आणि हा आत्मविश्वास घेऊन मी नेऱ्याला पोचलो. सासरे, म्हणजे बळीराममामा, फाटकातच उभे होते. मामींनी, म्हणजे सासूबाई चंद्रावतींनी, पाय धुवायला पाण्याचा तांब्या आणला.

"या या जावयबापू! बसा!"

बसलो. ओटीवरची सगळ्यात चांगली खुर्ची, पाठीला उशी. बाळंतिणीच्या खोलीतला टेबलफॅन आणून माझ्या तोंडासमोर लावला. मी म्हटलं, "अहो, तो तिला राहू दे." मामा म्हणाले, "तिला सवय हाय उकाड्याची. तुमी पावने."

इथे बळीराममामांबद्दल सांगायला हवं. मामा हा देवमाणूस, पण माझ्याबाबतीत त्यांना एक रुखरुख होती. आमच्याकडे लग्नानंतर जावई सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला येतो, तेव्हा त्याने रुसायचं असतं. ताटावर बसायचं, पण घास उचलायचा नाही. मग सासरा विचारतो, "काय पायजे?" जावई मागतो, सासरा देतो आणि मगच पंगत जेवते. रुसवा एकदाच, पण मागितलं ते द्यावंच लागतं. माझ्या वेळी मामांनी गोठ्यामागे नवी मोटारसायकल ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. सगळी भावकी माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी सरळ जेवायलाच लागलो! एकतर असले प्रकार माझ्या विचारांत बसत नाहीत. दुसरं म्हणजे ताटात जिताडा होता.

जिताडा म्हणजे काय, हे आमच्या पनवेल-उरणकडे कुणाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी एवढंच समजावं, की तो खाडीकाठच्या तळ्यातला मासा आहे आणि तो भुकेसाठी वाढत नाहीत, मानासाठी वाढतात. जिताड्यासमोर बसून रुसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मोटारसायकल मेहुण्याने, दीपेशने, पळवली. पण मामा मला भेटले की खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "जावयबापू, तुमचा रुसवा आमच्याकडं शिल्लक हाय बरं का!" जणू काही माझी छत्री त्यांच्याकडे विसरली होती.

असो. पहिल्याच दिवशी मी बाह्या सरसावून मोरीकडे गेलो. बादलीत लंगोट भिजत होते. मी एक उचलला मात्र, मामी किंचाळल्या! दीपेश काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं मोरीत साप निघाला.

"अवो, ठेवा तो खाली! जावयानं लंगोट धुतला तर गावात मना तोंड दाखवाला जागा राहील का?"

"मामी, पण मी त्याच्यासाठीच आलोय."

"तुमी जेवाला आल्यात! काय बनवू? कोंबरी का मटन?"

दोन्ही बनलं. संध्याकाळी सुके बोंबील आणि तांदळाच्या भाकऱ्या. दुसऱ्या दिवशी उरणहून मागवलेला जिताडा. मग भावकीची आमंत्रणं सुरू झाली. नेऱ्यातल्या अर्ध्या गावाशी मनस्वीचं नातं आहे आणि उरलेल्या अर्ध्याचं म्हणणं आहे की त्यांच्याशीही आहे. नाही म्हटलं तर अपमान! माझं काम एवढंच उरलं, की सकाळी एका घरी जेवायचं आणि दुपारी दुसऱ्या घरी न जेवल्यासारखं तोंड करायचं.

मी जिथे जेवायला जाई, तिथले लोक परतफेडीला म्हणून आमच्याकडे येत. आले की चहा. चहा झाला की बाळ बघणं. "कुनासारकी हाय गो?" "नाक बळीरामाचं हाय!" "नाय गो, नाक बापाचं!" माझं नाक आणि मामांचं नाक शेजारी धरून खोलीत दहा बायका चर्चा करत आणि त्यांच्यामध्ये मनस्वी, डोळे तांबारलेले, नुकती मिटू लागलेली पापणी पुन्हा उघडून, हसत बसलेली.

मामी पहाटेपासून चुलीशी. त्यामुळे बाळ पूर्णवेळ मनस्वीकडे. मी आत जाऊ लागलो की कुणीतरी म्हणे, "जावयबापू, आत बायका हायत!" नि पुन्हा खुर्ची, पुन्हा उशी, पुन्हा फॅन.

चौथ्या-पाचव्या दिवशी गावची आशा सेविका, दिपा, प्रेशर तपासायला आली. पट्टा गुंडाळला, फुगवला, मशीनकडे बघून तोंड वाकडं केलं. पुन्हा फुगवला.

"दवाखान्यातून आली तेव्हापेक्षा वाढलंय, ताई. झोपत नाही का?"

मनस्वीने माझ्याकडे पाहिलं. दिपा गेल्यावर ती म्हणाली, "प्रणित, एक सांगू? रागावू नकोस. तू आल्यापासून घरात बाळं दोन झालीत. एकाला निदान मासे लागत नाहीत."

मी हसायला लागलो आणि पाहतो तर ती रडत होती. "मला तिला सोडून दवाखान्यात नाही जायचं रे," म्हणाली. "मला झोप पाहिजे. फक्त झोप."



* * *

दुसऱ्या दिवशी घर उठायच्या आधी मी लंगोटांची बादली उचलली आणि मागच्या बोअरिंगवर गेलो. धुतले, पिळले, गोठ्यामागच्या दोरीवर वाळत घातले. चिमटे लावले. मागे सरकून बघितलं. पांढरेशुभ्र, ओळीत! त्यांच्यामागे माथेरानचा डोंगर! मी फोटोसुद्धा काढला.

"जावयबापू?"

कुंपणापलीकडे चांगुणामावशी उभी होती. चांगुणामावशी म्हणजे मामींची शेजारीण आणि नेऱ्याची बातमीदार. तिने माझ्याकडे बघितलं. दोरीकडे बघितलं. डोळ्यांना पदर लावला आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

चांगुणामावशी एक शब्द न बोलता जाते, याचा अर्थ ती तो दुसरीकडे बोलायला चाललेली असते. न्याहारीपर्यंत गावभर झालं: बळीरामाच्या जावयाची नोकरी गेली! नाहीतर भर कामाच्या दिवसांत धडधाकट पुरुष सासुरवाडीला येऊन बसतो? आणि बसतो तर बसतो, लंगोट धुतो? घरजावई व्हायला आलाय बिचारा!

बळीराममामांनी मला बाजूला, आंब्याखाली नेलं.

"जावयबापू, मना खरं सांगा. लाजू नका."

"मामा, रजा आहे. पगारी रजा."

"म्हंजे कामाला जायाचा नाय आनि पगार घ्यायाचा?"

"हो."

"कला पन? कशापायी?"

"पोर सांभाळायला."

मामा अत्यंत मायेने म्हणाले, "आसं कंपनीत कोन सांगतं? तुमाला फसवलंय कुनीतरी."

आता याला इलाज एकच! मी आमच्या एचआरच्या मिताली मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "मॅडम, माझ्या सासऱ्यांना जरा सांगा ना."

मिताली मॅडम फार भली बाई. नवा नियम तिचाच. तिने मला बोलूच दिलं नाही. "प्रणित! तुम्ही ऑफिसला फोन का करताय? अजिबात फोन करायचा नाही! लॅपटॉप उघडायचा नाही! इथे तुमच्यावाचून काहीही अडलेलं नाही. तुमचं सगळं काम सत्यजीतकडे दिलंय. ऑफिस विसरा आता! घर सांभाळा!" आणि फोन ठेवला.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "जाऊ दे. मानसं वाईट नसतात, येळ वाईट असते."

त्यानंतर दोन दिवस नेऱ्याने माझ्यावर जे प्रेम केलं, ते वैऱ्यावरही होऊ नये! एका चुलतसासऱ्याने फार्महाऊसवर मॅनेजरची जागा बघितली. "काम काय नाय, फकस्त कुत्रे ओळखीचे करून घ्या." दीपेश म्हणाला, "भाऊजी, माझ्या जेसीबीवर या, शिकवतो," आणि मोटारसायकलची चावी माझ्यासमोर ठेवून मान खाली घालून उभा राहिला. मी ती परत त्याच्या खिशात घातली. मामींनी देवीला नवस बोलला. आणि गावातल्या समस्त बायका सांत्वनासाठी आल्या! माझ्या नव्हे, मनस्वीच्या. "बाय, तू ताण घेव नको हां!" एक निघाली की दुसरी. "आमच्या नणंदेच्या नवऱ्याची नोकरी गेली तवा तिचं दूध आटलं. पन तू ताण घेव नको!"

मनस्वी सांगून सांगून थकली. "अगं मावशी, रजा आहे!"

"व्हय गं बाय. रजाच." आणि पदर डोळ्यांना.

दिपा पुन्हा आली, पट्टा लावला. आकडा बघून म्हणाली, "दवाखान्यात जायची पिशवी भरून ठेवा हां."

* * *

मामांनी एक गोष्ट मात्र मला न सांगता केली होती. रोडपालीला माझ्या बाबांना, म्हणजे त्यांच्या व्याह्यांना, फोन. "याही, पोराची काळजी करू नका. आमी हाव. हितंच राहील आमच्याजवळ."

बाबा म्हणजे पेटलेला फटाका. पोरगा घरजावई? दुपारी दोन इको गाड्या भरून आमची भावकी नेऱ्यात उतरली. चपला काढायच्या आधीच बाबा ओरडले, "माझा पोर मी पोसीन! मी काय मेलो का?"

"याही, तो माझा बी पोर हाय!" मामा ओटीवरून ओरडले. "तो हितंच राहील! जलमभर बसून खाऊ दे!"

"माझ्याकडं बसून खाईल!"

"कला? हितं काय कमी हाय? जिताडा खातंय रोज!"

"आमी काय भाजीपाला खातंव?"

मी मध्ये उभा राहून "रजा आहे! रजा आहे!" ओरडत होतो, पण माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. माझ्या बेकारीवर दोन्ही घरांचं इतकं प्रेम बसलं होतं, की ती नाहीच हे ऐकायची कुणाची तयारी नव्हती. ओटीवर पंगत मांडली गेली. व्याही भांडायला आला तरी उपाशी कसा बोलायचा? ताटं वाढली आणि भांडण ताटांवर चालू राहिलं.

तेवढ्यात आत बाळ रडायला लागलं. दारात मनस्वी आली. दुपारी पहिल्यांदा जरा डोळा लागला होता, असं ती मागाहून म्हणाली. तिने चौकट धरली होती. ती कुणावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी होती आणि तिला उभं राहायचंही त्राण नव्हतं. आणि ओटीवर तिच्या नवऱ्याला कुणी पोसायचं यावर चाळीस माणसं भांडत होती.

माझं डोकं फिरलं. पण फिरून काय उपयोग? या घरात माझं ऐकणार कोण? जावयाचा मान सगळे करतात. जावयाचं ऐकत कुणीच नाही. समोर ताट होतं. ताटात जिताड्याची तुकडी होती, डोक्याकडची, मानाची. तिच्याकडे बघता बघता मला एकदम आठवलं. माझी छत्री!

मी ताट दोन्ही हातांनी पुढे ढकललं.

"मी जेवणार नाही!"

कुणी ऐकलं नाही. मी उठून उभा राहिलो आणि जन्मात ओरडलो नव्हतो तेवढ्या मोठ्याने ओरडलो:

"मामा! मी रुसलोय!"

ओटी चिडीचूप. बाबांचा घास तोंडाशी थांबला. कोपऱ्यातला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "काय बोल्ला?" दुसरा म्हणाला, "जावय रुसला." आणि दोघांनी ताटावरचे हात मागे घेतले. त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी! जावई रुसला की पंगतीने जेवायचं नसतं.

बळीराममामांचा चेहरा उजळला. किती वर्षांचं ओझं उतरल्यासारखे ते उठले, टोपी नीट केली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बोला जावयबापू. काय पायजे?"

दीपेशने खिशातली चावी घट्ट धरली.

"मामा, मला मनस्वीची झोप पाहिजे," मी म्हटलं. "ती झोपेल तेवढी झोपेल आणि तिला कुणी उठवायचं नाही. बाळ पिऊन झालं की माझ्याकडे द्यायचं. लंगोट मी धुणार. बाळाला बघायला बारशापर्यंत कुणी येणार नाही. चांगुणामावशीसुद्धा! मामींनी माझ्यासाठी चुलीशी उभं राहायचं नाही. मी या घरात डाळभात खाईन आणि एक भाजी. बस्! बाबा, तुम्हीसुद्धा ऐका. मी बेकार नाही. मी बाप आहे. त्याचाच पगार घेतोय!"

मामी मटकन खाली बसल्या. "अगो बाय, जावयाला डाळभात? लोकं काय बोलतील?"

मामांनी हात वर केला. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी होतं, पण या वेळी वेगळं. "चंद्रा, जावयाचा रुसवा हाय. मोडता येत नाय." मग दाराकडे वळून, लेकीकडे बघत, एकदम हळू आवाजात म्हणाले, "जा बाय. नीज तू."

मनस्वी आत गेली. मी तिच्या मागोमाग जाऊन बाळ घेतलं. कुणीही "आत बायका हायत" म्हटलं नाही.

* * *

आगरी माणूस भांडणात जितका पक्का, तितकाच शब्दाला पक्का. दुसऱ्या दिवसापासून बळीराममामा गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले, मांडीवर काठी. मोटारसायकलवाले इंजिन बंद करून गाड्या ढकलत नेऊ लागले. मासळीवाली ओरडण्याऐवजी हातवारे करून पापलेट की बोंबील ते सांगू लागली. चांगुणामावशीच्या पुतण्याची हळद होती. त्या हळदीत डीजे हळू वाजला! आगरी गावात हळदीचा डीजे हळू वाजला, हे मी पनवेलला ज्याला ज्याला सांगितलं, त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

आणि मनस्वी झोपली. अशी झोपली, की संध्याकाळी मामी घाबरून तिच्या नाकापुढे बोट धरून आल्या. बाळ प्यायला उठायचं, प्यायचं, माझ्या खांद्यावर यायचं, ही पुन्हा भिंतीकडे तोंड करून गाढ! मी लेकीला घेऊन ओटीवर फेऱ्या मारायचो. कलिंगडाचा फारसा उपयोग झाला नाही, हे कबूल करतो. पहिला लंगोट मी बांधला तो तिच्या गुडघ्यांशी सापडला. पण तिसऱ्या दिवसापासून ती माझा आवाज ओळखायला लागली. निदान मी तरी तसंच समजतो. छातीवर झोपली की तिचा श्वास माझ्या बनियनला गरम लागायचा आणि मला वाटायचं, हे सोडून मी तळोज्याला ट्रकांचे नंबर लिहीत बसलो असतो!

मामींना चुलीपासून सुट्टी मिळाली, तर त्या लग्नानंतर पहिल्यांदा दुपारी आडव्या झाल्या. उठल्या त्या गुडघे चाचपत. "दुखत नाय गो आज!" मामा लंगोटांच्या घड्या घालायला शिकले, माझ्यापेक्षा चांगल्या घालतात. बारशाला बाबा रोडपालीहून आले, नातीला मांडीवर घेतलं, तिने त्यांचं धोतर भिजवलं, आणि ते "माझी पोर! माझी पोर!" करत तसेच ओले बसून राहिले.

तपासणीचा दिवस आला. दवाखान्याची पिशवी भरलेलीच होती, ती घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी पट्टा लावला, हवा सोडली आणि मनस्वीकडे नीट निरखून बघितलं.

"अगदी व्यवस्थित आहे! काय केलंत?"

"मी काही नाही," मनस्वी म्हणाली. "हा रुसला."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. गाडीत बसल्यावर मनस्वीने पुन्हा माझं मनगट धरलं. या वेळी पट्टा रुतला नाही. मी पनवेल ते नेरे खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. गाडीच्या काचा बंद होत्या, हे तिने मुद्दाम सांगितलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ऑफिसात कॉलर ताठ करून फिरलो असतो. पण रजा संपून कामावर जातो न जातो, तोच अनोळखी नंबरांवरून फोन यायला लागले. सगळे नेऱ्याचे जावई! आपट्याला दिलेल्या पोरीचा नवरा कुंदन तर जवळजवळ रडतच होता. "साडू, काय करून ठेवलंत? मी सासुरवाडीला गेलो, तर पाय धुवायला तांब्या नाही, पुढ्यात बादली! म्हणे बळीरामाचा जावई धुतो, तुमाला काय झालं?"

मी त्याची समजूत घातली. मनात म्हटलं, बिचारे! आपलं बरं आहे, आपण तर या क्रांतीचे जनक. गेल्या रविवारी बाबांना घेऊन मोठ्या ऐटीत नेऱ्याला गेलो. रजा संपलेली, बाळ बाळसेदार, मनस्वी ठणठणीत. आता काय, पुन्हा खुर्ची, उशी आणि मानाची तुकडी! घरात शिरतानाच वास आला. जिताडा! उरणचा! पंगत बसली. मामांना तुकडी, दीपेशला दोन, बाबांना डोक्याकडची, मानाची. माझ्या ताटात भात, डाळ आणि दुधी भोपळा.

"मामी, जिताडा?"

मामींनी डोळ्यांना पदर लावला. "काय करू जावयबापू? जीव तुटतो माझा. पन तुमीच बोल्लेव ना, या घरात डाळभात आनि एक भाजी. रुसव्यातला शबुद हाय."

"अहो, मग मी पुन्हा रुसतो!"

बळीराममामांनी मोठ्या मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"रुसवा एकदाच असतो, जावयबापू," ते म्हणाले. "दुधी वाढू का?"